पिछाडीवरच्याचा जोर : फायटिंग गेममधील कमबॅक आणि न्याय

अनेक फायटिंग गेममध्ये पिछाडीवर पडलेल्या खेळाडूला नियमच जादा ताकद देतात. या तरतुदीला खेळाडूंच्या बोलीत ‘कमबॅक मेकॅनिक’ म्हणतात. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर असतात आणि पडद्याच्या वरच्या कडेला प्रत्येकाचा हेल्थ बार असतो. फटका बसला की बार कमी होतो. तो संपला, किंवा वेळ संपली तेव्हा ज्याचा बार कमी उरला, तो राउंड हरतो. काही गेममध्ये बार पाव भागावर आला की त्या योद्ध्याचे फटके जास्त जोरात बसू लागतात. काहींत त्याला असा एखादा डाव मिळतो, जो आघाडीवरच्या खेळाडूला त्या क्षणी उपलब्ध नसतो. यावरचा आक्षेप सरळ आहे. ज्याने आतापर्यंत चांगला खेळ केला, त्याच्याच वाट्याला अधिक धोका का यावा? बचाव करणारे म्हणतात की निकाल अर्ध्यातच ठरला, तर उरलेला अर्धा राउंड कोणी आणि कशासाठी खेळायचा? तीस वर्षांहून अधिक काळ हा वाद चालू आहे. एकाच उत्तराने तो मिटत नाही, कारण प्रत्येक तरतूद वेगळ्या घाटाची असते. काही तरतुदी न्याय्य ठरतात, काही ठरत नाहीत, आणि त्यांतला फरक तपासून दाखवता येतो.

या तपासणीसाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. पिछाडीवर गेलेल्या संघाचे नियमांनी काय करायचे, या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे कबड्डीने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते : गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला खेळाडू आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत प्रतिस्पर्ध्यांतला एक बाद झाला की आपला एक बाद खेळाडू उठून आत येई. अमरमध्ये बाद होणारा मैदान सोडतच नसे. समोरच्या संघाला गुण मिळे आणि खेळ पूर्ण संख्येनिशी पुढे चाले. या तीन प्रकारांतला खरा भेद उताराचा आहे. गामिनीत एक खेळाडू गेला की बचाव दुबळा होतो, दुबळ्या बचावातला दुसरा खेळाडू आणखी सहज जातो, आणि संघ घसरत जातो. अमरमध्ये उतार नाही. गुणफलकावर संघ कितीही मागे असला, तरी मैदानावर त्याची ताकद पहिल्या मिनिटाएवढीच असते. संजीवनीत उतार आहे, पण प्रत्येक पायरीवर वर चढण्याची वाटही आहे. आजची अधिकृत कबड्डी संजीवनीच्या वाटेने घडली.

त्या कबड्डीचे नियम बारकाईने पाहिले तर पिछाडीची काळजी त्यांत जागोजागी दिसते. सातही खेळाडू बाद झाले की प्रतिस्पर्ध्यांना लोणाचे दोन जादा गुण मिळतात, आणि त्याच क्षणी बाद झालेला अख्खा संघ पुन्हा आत येतो. म्हणजे घसरणीला तळ आहे. तिथे पोचल्यावर किंमत मोजावी लागते, पण पुढचा खेळ सात विरुद्ध सात असाच सुरू होतो. बोनस रेषेचा गुण बचावात किमान सहा खेळाडू असतील तरच मिळतो, त्यामुळे तुटलेल्या संघावर सोपे गुण लुटता येत नाहीत. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे घराघरांत पोचलेली अव्वल पकड, म्हणजे सुपर टॅकल, ही तर उघडपणे कमबॅकसाठीच केलेली तरतूद आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण.

कबड्डीचे हे नियम छत्तीसगढमधल्या रायपूरच्या मैदानांनाही परके नाहीत. १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतात रायपूर आणि अमरावती ही दोन्ही शहरे होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. छत्तीसगढच्या खेड्यांत कबड्डी खुडवा या नावाने खेळली जात आली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये छत्तीसगढ सरकारने छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू केले. त्यातल्या चौदा खेळांत कबड्डी, खो-खो, गिल्ली-डंडा, पिट्टुल, भौंरा, फुगडी, गेडी दौड यांना जागा मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यस्तरीय फेरी रायपुरात झाली. गावच्या मैदानावर कबड्डी खेळून आलेल्या खेळाडूला लोण चढवल्यावर समोरचे सातही जण का उठतात, हे समजावून सांगावे लागत नाही. फायटिंग गेममधला वाद त्याच प्रश्नाचा पडद्यावरचा अवतार आहे.

आता पडद्याकडे वळू. १९९१ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ने फायटिंग गेमचा जो साचा रूढ केला, तो अमर प्रकाराच्या जवळचा होता. बारमध्ये एक रेघ उरलेला योद्धाही पूर्ण ताकदीच्या योद्ध्याइतकाच वेगाने धावतो, तितक्याच जोराने मारतो, त्याचा एकही डाव हिरावला जात नाही. बुद्धिबळात वजीर गमावलेल्याचा पट दुबळा होतो, इथे तसे काहीच होत नाही. हा मुद्दा वादात सहसा हरवतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. ज्या खेळात उतार आहे, तिथे पिछाडीवरच्याला दिलेला हात म्हणजे त्या उताराची भरपाई. फायटिंग गेममध्ये मुळात उतारच नसेल, तर दिलेला हात भरपाई ठरत नाही. तो नवा चढ होतो, आणि तो आघाडीवरच्याला चढावा लागतो. म्हणून कबड्डीतल्या अव्वल पकडीचे जितक्या सहज समर्थन करता येते, तितक्या सहज फायटिंग गेममधल्या तरतुदीचे करता येत नाही. तिला आपली न्याय्यता वेगळी सिद्ध करावी लागते.

तरीही अशा तरतुदी फार लवकर आल्या. जपानी कंपनी एसएनकेच्या ‘फेटल फ्युरी २’मध्ये (१९९२) बार संपत आला की योद्ध्याला एक निर्वाणीचा डाव करता येई. त्याच कंपनीच्या ‘सामुराय शोडाउन’मध्ये (१९९३) फटके खाल्ले की संतापाचे माप भरे, आणि ते पूर्ण भरले की काही काळ तलवारीचा घाव अधिक खोल जाई. ‘गिल्टी गियर’ मालिकेने निराळा मार्ग घेतला. तिथे बार जसजसा उतरतो, तसतसा पुढच्या प्रत्येक फटक्याचा परिणाम थोडा कमी होतो. शेवटचा पाव बार दिसतो त्याहून जाड असतो म्हणा ना. हा उपाय शांत आहे. तो पिछाडीवरच्याच्या हातात नवे शस्त्र देत नाही, फक्त त्याला थोडा अधिक वेळ देतो. म्हणूनच कदाचित त्याच्यावर फारसे भांडण झाले नाही.

मोठे भांडण सुरू झाले ते २००८ मध्ये, ‘स्ट्रीट फायटर ४’बरोबर. ही मालिका काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने त्यात सूडाचे माप आणले. फटके खाताना ते भरत जाते. निम्मे भरले की ‘अल्ट्रा कॉम्बो’ नावाचा जबर डाव करता येतो, आणि माप जितके अधिक भरलेले, तितका त्याचा मार मोठा. साधारण अर्धा बार गमावलेल्या खेळाडूच्या हाती हा डाव येतो. आघाडीवरचा खेळाडू फारसा मार न खाता खेळत असेल, तर त्याच्याकडे तो नसतो. जुन्या खेळाडूंना हे खटकले. कौशल्याने मिळवलेली आघाडी एका डावात पुसली जाते, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु तरतुदीच्या रचनेत तीन गोष्टी तिच्या बाजूने होत्या. माप पडद्यावर दोघांनाही सतत दिसत असे. अल्ट्रा आंधळेपणाने मारला आणि समोरच्याने तो ब्लॉक केला, तर मारणारा उघडा पडे आणि शिक्षा खाई. शिवाय राउंड संपला की माप रिकामे होई, साठा पुढे नेता येत नसे. त्यामुळे चांगला खेळाडू समोरच्याचे माप निम्म्यावर आले की आपली चाल बदलत असे. उगीच उडी मारायची नाही, मोठ्या हालचालींचा धोका घ्यायचा नाही. आघाडी टिकवणे हेच एक वेगळे कौशल्य बनले.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम ३’ (२०११) आहे. त्यात प्रत्येक खेळाडू तीन योद्ध्यांचा संघ घेऊन उतरतो. प्रत्येकाला एका सामन्यात एकदाच ‘एक्स-फॅक्टर’ वापरता येतो. तो लावला की मार वाढतो, वेग वाढतो, गेलेल्या बारपैकी भरून येण्याजोगा भाग परत चढू लागतो. संघातले जितके योद्धे पडलेले, तितका एक्स-फॅक्टर अधिक तीव्र आणि अधिक वेळ टिकणारा. परिणाम असा झाला की शेवटचा एकटा उरलेला योद्धा समोरच्या तिघांनाही सलग पाडू शकत असे, कारण त्या अवस्थेतला एक यशस्वी कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, एका योद्ध्याला संपवायला पुरे. इथे कबड्डीचा न्याय उलटा लावून पाहावा. तीन योद्ध्यांच्या गेममध्ये खराखुरा उतार आहे, कारण पडलेल्या सोबत्याची मदत बंद होते. म्हणजे भरपाईची गरज अव्वल पकडीइतकीच खरी होती. चूक प्रमाणात होती. अव्वल पकडीने एका गुणाचे दोन होतात. एकट्या बचावपटूने एक पकड करून अख्खा सामना जिंकावा, इतके गुण त्याला कोणी देत नाही.

हे प्रमाण साध्या गणिताने मोजता येते. समजा एक राउंड पाच फटक्यांचा आहे आणि प्रत्येक झटापटीत कोणाचाही फटका बसण्याची शक्यता निम्मी आहे. एक खेळाडू ४-१ असा मागे आहे. त्याला आता सलग चार झटापटी जिंकायला हव्यात, आणि त्याची शक्यता १६ मध्ये १, म्हणजे जेमतेम ६ टक्के. पिछाडीवर असताना त्याचा पुढचा एक फटका दुप्पट धरला, तर सलग तीन पुरतात. शक्यता साडेबारा टक्के होते. तो फटका तिप्पट धरला तर दोन पुरतात, शक्यता २५ टक्के. दुप्पट आणि तिप्पट यांतले अंतर कागदावर लहान दिसते. प्रत्यक्षात एका बाजूला हरलेल्या राउंडमध्ये उरलेली धाकधूक आहे आणि दुसऱ्या बाजूला ४-१ ची आघाडी मिळवूनही दर चार वेळांत एकदा हार आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे, आणि तो बरोबर आहे. दोन खेळाडू सारखे नसतील तर काय? एक प्रत्येक झटापट ६० टक्के वेळा जिंकतो, दुसरा ४० टक्के, असे धरू. तरतूद नसताना ४-१ पिछाडीवरून सरस खेळाडू सुमारे १३ टक्के वेळा परत येईल आणि कच्चा अडीच टक्के वेळा. म्हणजे पाचास एक असे प्रमाण. दुप्पट फटक्याची तरतूद आली की हे आकडे सुमारे २१.६ आणि ६.४ टक्के होतात, आणि प्रमाण साडेतीनास एकच्याही खाली येते. कमबॅकची तरतूद दोघांनाही हात देते, पण कच्च्याला तुलनेने जास्त देते. कौशल्यातला फरक निकालात दिसावा हे स्पर्धेचे काम असेल, तर प्रत्येक अशी तरतूद ते काम किंचित कठीण करते.

यावर स्पर्धांनी शोधलेला उपाय म्हणजे पुनरावृत्ती. वरच्या उदाहरणातला ६० टक्क्यांचा खेळाडू पाच फटक्यांचा एक राउंड सुमारे ७३ टक्के वेळा जिंकतो. तीनपैकी दोन राउंडांचा सामना सुमारे ८२ टक्के वेळा, आणि तीनपैकी दोन सामन्यांची लढत सुमारे ९२ टक्के वेळा. एका राउंडमध्ये नशिबाचा किंवा तरतुदीचा झटका बसला, तरी लांब लढतीत तो विरून जातो. म्हणून एखादी तरतूद न्याय्य आहे का, हे त्या गेमकडे एकट्याने पाहून सांगता येत नाही. तो कोणत्या लांबीच्या लढतीत खेळला जातो, हेही पाहावे लागते. एकाच राउंडवर निकाल लावणाऱ्या हौशी स्पर्धेत जी तरतूद अन्यायाची ठरेल, तीच लांब अंतिम लढतीत रंगत वाढवणारी ठरते.

कमबॅक होण्यासाठी तरतूद लागतेच असे मात्र नाही. अमेरिकेत २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’च्या एका सामन्यात जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. दाइगोच्या केन या योद्ध्याचा बार इतका संपला होता की सुपर डाव नुसता ब्लॉक केला असता, तरी झिजेने तो मेला असता. वाँगने चुन-ली या आपल्या पात्राचा पंधरा फटक्यांचा सुपर डाव सोडला. दाइगोने ते फटके एकामागून एक पॅरी केले. पॅरी म्हणजे फटका पोचण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक त्याच्या दिशेने दाबून तो विनाइजा परतवणे. मग प्रतिहल्ल्याने त्याने राउंड जिंकला. हा डाव दोघांनाही, सामन्याच्या पहिल्या क्षणापासून उपलब्ध होता. नियमाने दाइगोला काहीही जादा दिले नव्हते. कुस्तीतही असेच घडते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये साक्षी मलिक कांस्यपदकाच्या लढतीत ०-५ अशी मागे होती आणि ८-५ ने जिंकली. मॅटवर गुण गमावल्याने पैलवानाचे बळ नियमाने कमी होत नाही, आणि चीतपट कधीही शक्य असते. ज्या खेळात पिछाडी भरून काढण्याची वाट मूळ रचनेतच आहे, त्याला वरून तरतूद जोडण्याची घाई करू नये, हे या दोन्ही लढतींकडे पाहून पटते.

‘टेकन’ मालिकेचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘टेकन ६’मध्ये (२००७) रेज ही अवस्था आली. बार संपत आला की फटक्यांचा मार वाढे. ‘टेकन ७’मध्ये (२०१५) त्याच अवस्थेत ‘रेज आर्ट’ करता येऊ लागले. हा डाव सुरू असताना समोरचा फटका अंगावर झेलूनही थांबत नाही आणि लागला तर बारचा मोठा तुकडा नेतो. तो ब्लॉक केला तर मात्र करणाऱ्याला जबर शिक्षा बसते, आणि वापरताच रेज संपते. त्यामुळे सरावलेल्या खेळाडूंनी एक हिशेब बसवला. समोरच्याचा बार रेजच्या रेषेच्या थोडा वर ठेवायचा आणि मग एकाच लांब कॉम्बोने रेषेवरून थेट शून्यावर न्यायचा, म्हणजे रेज वापरायला वेळच मिळत नाही. कबड्डीत चार बचावपटू उरले असताना चढाईपटू एकाला टिपून समोरच्यांना अव्वल पकडीची संधी द्यावी की एकाच चढाईत जास्त गडी घ्यावेत, याचा विचार करतो. तो हाच हिशेब आहे. अशा तरतुदीने आघाडीवरच्याच्या खेळात खोली आणली, तर ती त्याच्यावर अन्याय करत नाही. त्याला वाचता येईल आणि टाळता येईल असा धोका ती समोर ठेवते. २०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान ॲशने याच ‘टेकन ७’मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन्ही इव्हो स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षात एकच खेळाडू दोन्हीकडे जिंकतो, तेव्हा त्या गेममध्ये नशीब कौशल्यावर मात करते, असे म्हणायला जागा राहत नाही.

नव्या गेमनी पिछाडीशी असलेले नातेच सैल केले आहे. ‘टेकन ८’मधील (२०२४) हीट ही अवस्था राउंडच्या सुरुवातीपासून दोघांनाही उपलब्ध असते. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये (२०२३) सुरुवातीला दोघांचेही ड्राइव्हचे माप भरलेले असते, आणि उधळपट्टी करून ते संपवले तर खेळाडू काही काळ दुबळा होतो. म्हणजे थोडासा उतार आला, पण तो स्वतःच्या खर्चाचा. कमबॅकची जुनी खूण ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये फक्त एवढीच उरली आहे की बार पावाखाली असताना सर्वांत मोठा सुपर डाव थोडा अधिक मारतो. त्यासाठी लागणारे माप मात्र आधी खेळून कमवावे लागते. सूडाच्या मापापेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण इथे कमाई केवळ मार खाऊन होत नाही.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. पुढच्या सप्टेंबरमध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता, आणि भारताकडून मयंक प्रजापती व अयान बिस्वास उतरले. त्या गेममध्येही मार खाल्ल्यावर भरणारे व्ही-माप होते. दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू याने तैवानच्या प्रतिस्पर्ध्याला ४-३ असे हरवून सुवर्ण जिंकले. सात सामन्यांची लढत ठेवल्याने त्या मापाच्या एका वापरावर पदक ठरण्याचा संभव आपोआप मागे पडला.

रायपूर, दुर्ग किंवा नागपूरच्या कॉलेजात अशी स्पर्धा भरवणाऱ्याला गेममधला नियम बदलता येत नाही. लढतीची लांबी आणि बादफेरीचा घाट मात्र त्याच्या हातात असतो. इव्होसारख्या स्पर्धा दुहेरी बादफेरीने होतात. एकदा हरलेला खेळाडू खालच्या गटात जातो आणि तिथून सगळे जिंकत अंतिम लढतीत येऊ शकतो. पण वरच्या गटातून न हरता आलेल्याला त्याने अंतिम लढतीत एकदा हरवून भागत नाही. दोन वेळा हरवावे लागते, कारण समोरच्याची एक हार अजून शिल्लक असते.